खिळ्यावर टांगलेल्या नानबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष (श्री. नेमातुल्ला-अका),
तुतझार मोहल्ला समिती,
चहाखान्याच्या वरचा मजला,
मर्गिलान, फरगाना खोरे.

अर्जदार : युलदाशअली मिर्झाअहमद-ओघली, लग्नकार्यात कर्णा वाजवणारा, राहणार कालव्याकाठी, निळ्या दाराचे घर.

विषय : सोयरिकीचे नान न खाल्ल्यावरून थांबवलेले कन्येचे लग्न पूर्ववत सुरू होणेबाबत व अर्जदाराच्या आतड्यांचा सहानुभूतिपूर्वक विचार होणेबाबत.

संदर्भ : आपली तोंडी नोटीस, जी समितीच्या शिपायाने आमचा उंबरठा न चढता, रस्त्यावर उभे राहून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बजावली.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की,

१. अर्जदार उभी हयात या मोहल्ल्यातील लग्नांत कर्णा वाजवत आलेला आहे. आपल्या तिन्ही मुलांच्या वराती माझ्याच फुंकीवर निघाल्या, हे आपल्या स्मरणात असेलच. आमच्या धंद्यात आधी जेवण आणि मग वाजवणे अशी रीत आहे. पहाटेचा लग्नाचा पुलाव मी कधी नाकारला नाही. आपल्या थोरल्याच्या लग्नात तर आपणच पाठीवर थाप मारून म्हणाला होतात, "अरे युलदाश, तुझं पोट आहे की कालवा?" हे एवढ्यासाठी नमूद करतो, की आज तोच मोहल्ला मला खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणतो. मेहेरबान, मी वासे मोजत नाही. मी खातच नाही, हीच तर सगळी भानगड आहे.

२. आजाराची हकीकत अशी. खाटकाच्या मुलीच्या लग्नात वरात दारात आली, मी कर्णा वर उचलला, छाती भरून फुंकला, आणि कर्णा एक असताना आवाज दोन निघाले. डफवाला माझ्याकडे बघायला लागला. व्याह्यांनी मात्र कौतुक केले, की यंदा दोन कर्णेवाले सांगितले वाटतं. त्या दिवसापासून पोटाने माझ्याशी वैर धरले. कधी डफासारखे तटतटून फुगायचे, कधी आतून कोणी पिळा घालून कपडे वाळत टाकतंय असे वाटायचे. कधी दोन-दोन दिवस काही नाही, आणि कधी अंगण ओलांडायचीही सवड नाही. डाळिंबाची साल उकळून प्यालो. मौलवींनी फुंकर घातलेले पाणी प्यालो. सासूबाईंनी मेंढीच्या शेपटीची चरबी वितळवून पाजली, त्यानंतर जे झाले ते सरकारी कागदावर लिहिण्याजोगे नाही.

अखेर मोठ्या इस्पितळातील डॉ. फेरुझा यांच्याकडे गेलो. त्यांनी रक्त घेतले, नळी घातली, आत दिवा लावून पाहिले आणि म्हणाल्या, "अका, तुमची आतडी ठणठणीत आहेत. फक्त चिडकी आहेत." माझ्या पत्नीने, रानोने, विचारले, "जिवाला काही धोका?" त्या म्हणाल्या, "छे हो, याने कोणी मरत नाही." महोदय, माझ्या सर्व आपत्तींचे मूळ या एका वाक्यात आहे. मरणाचा आजार असता तर मोहल्ल्याने दारात सूपाची पातेली आणून ठेवली असती. ज्या आजाराने माणूस मरत नाही, त्याला आपल्याकडे नखरे म्हणतात.

३. डॉक्टरबाईंनी पथ्य सांगितले ते येणेप्रमाणे : कांदा बंद. लसूण बंद. गहू बंद. दूध बंद. काबुली चणे बंद. सफरचंद, जर्दाळू, कलिंगड, मध, सगळे बंद. काही आठवडे पोटाला असे शांत राहू द्यायचे, आणि मग एकेक पदार्थ थोडा थोडा परत आणून बघायचे, की नेमका कोण चावतो. मी म्हणालो, "बाई, तुम्ही कुठल्या?" म्हणाल्या, "इथलीच, मर्गिलानची." म्हटलं, "मग सरळ सांगा ना, गाव सोड म्हणून." त्या हसल्या. त्यांना हसायला काय जातंय?

उरले काय, तर भात, गाजर, बटाटा, अंडे, काकडी आणि नुसते उकडलेले मांस. कांद्यावाचून पुलाव करशील का म्हणून मी आपल्या मोहल्ल्याच्या आचाऱ्याला, अशुरला विचारले, तर त्याने झारा खाली ठेवला आणि म्हणाला, "कांद्याशिवाय पुलाव म्हणजे नवऱ्याशिवाय वरात. मी असलं पाप करत नाही." शेवटी घरी रानोने केला. बेचव होता, खोटे कशाला बोलू? पण सांगावयाची बाब अशी, की पोट निवले. पट्टा पुन्हा जुन्या भोकावर आला. परवा साबण कारखानदाराच्या घरच्या लग्नात मी सबंध वरात एका दमात वाजवली, आणि आवाज एकच निघाला. तरी पथ्य हा बहाणा नसून उपाय आहे, याची कृपया नोंद व्हावी.

४. मोहल्ल्याची प्रतिक्रिया मात्र खेदजनक आहे. चहाखान्यात माझ्या आतड्यांवर जाहीर चर्चा चालते. न्हावी म्हणतो, "माणूस चिडका असतो, सासू चिडकी असते, आतडं कसलं आलंय चिडकं?" एकाचे म्हणणे, मी खात नाही म्हणजे मला कोणाला परत जेवायला बोलवायचे नाही, महाकंजूष. दुसऱ्याचे म्हणणे, मी कुठल्यातरी नव्या पंथात शिरलोय, तिथे कांदा निषिद्ध आहे. तिसरा म्हणतो, बायको विष घालेल अशी ह्याला भीती आहे. हे ऐकून रानोने मला एक आठवडा भात-गाजरसुद्धा हातात दिले नाही, नुसते समोर आदळले.

दाढीवाले इसाक-बाबा तर भर चहाखान्यात म्हणाले, "आमच्या आजोबांनी भुकेच्या सालात गवताची मुळं उकडून खाल्ली, आणि ह्या साहेबांना कांदा बाधतो!" मी म्हणालो, "बाबा, गवताच्या मुळांत कांदा नसतो, म्हणून ते जगले." हे मी बोलायला नको होते. वडीलधाऱ्यांना उलट बोलल्याबद्दल या अर्जाद्वारे क्षमा मागतो. मुद्दा मात्र मागे घेत नाही.

५. (हा परिच्छेद नवरदेवाच्या आजी झुमराद-बुवी यांच्याबद्दल होता. तो पत्नीने वाचून फाडला आहे.)

६. आता मूळ प्रकरणाकडे येतो. माझी मुलगी मुनिसा, बालवाडीत शिकवते, हे आपण जाणता. तिची सोयरीक कालव्यापलीकडील हकिमजान-अका यांचा मुलगा एलमुरॉद याच्याशी जुळली. मुलगा रेल्वेत आहे, नोकरी पार नुकूसला, वाळवंटाच्या तोंडाशी. मुलाबद्दल माझी तक्रार नाही. दोघांचे एकमेकांवर मन आहे, हे न समजायला मी काही लाकडाचा नाही. ठरल्या दिवशी दोन्ही घरची माणसे जेवणाच्या दस्तरखानाभोवती बसली. वडीलधाऱ्याने नान तोडले, तुकडे फिरले. हा तुकडा ज्याने तिथल्या तिथे खाल्ला त्याने शब्द दिला, ही आपली रीत. मुलीच्या बापाने तर पहिला घास घ्यायचा.

खोटे बोलत नाही, मी खाणारच होतो. तुकडा डोळ्यांना लावला, ओठांपाशी नेला. पण महोदय, त्यांच्या घराची रचना ध्यानी घ्यावी. संडास अंगणाच्या त्या टोकाला, आणि मधल्या सगळ्या अंगणात बायकांची पंगत. आदल्या महिन्यात अर्ध्या समोशाने माझे काय केले होते ते मला आठवले. नव्या व्याह्यांच्या घरात, सगळ्या विहिणींच्या देखत, झग्याचा सोगा धरून धावणारा बाप मुनिसाच्या नशिबी यावा, असे मला वाटेना. इकडे आड, तिकडे विहीर. मी दाढ हलवली, मान डोलावली आणि तुकडा अलगद बाहीत सोडला. कोणाला कळले नाही.

७. घरी आलो. आता त्या तुकड्याचे करायचे काय? नान टाकता येत नाही, हे समितीला मी काय सांगावे. चिमण्यांना घालावे तर सोयरिकीचे नान चिमण्यांना कसे घालणार? रानो म्हणाली, "उंचावर ठेवा, पाय लागणार नाही असं." आमच्या घरात सगळ्यात उंच काय, तर बैठकीतला खिळा.

या खिळ्याची माहिती देणे प्राप्त आहे. आपल्याकडे घरचे माणूस लांब निघाले की दारात अख्ख्या नानचा एक घास तोडते, आणि उरलेले नान घरचे खिळ्याला टांगतात. अर्धे नान घरात लटकतेय तोवर ते माणूस त्याच्याकडे ओढले जाते, परत येते आणि उरलेले संपवते. माझे आजोबा लढाईवर गेले तेव्हा त्यांचे नान याच खिळ्यावर होते. परत आले, दगड झालेले नान चावले, एक दात पडला, आणि तो दात ते मरेपर्यंत कौतुकाने दाखवायचे. मी पलटणीत गेलो तेव्हा माझेही तिथेच होते. आमचा खिळा खरा निघालेला खिळा आहे.

त्याच खिळ्यावर मी सोयरिकीच्या नानचा तुकडा रुमालात बांधून टांगला. चूक झाली ती इथे झाली.

८. चौथ्या-पाचव्या दिवशी नवरदेवाची आजी झुमराद-बुवी पडद्यांची मापे घ्यायला म्हणून आल्या. मापे बाजूलाच राहिली, नजर गेली खिळ्यावर. त्यांनी विचारले, "काय गं, घरातून कोण गेलंय?" माझी पत्नी खोटे बोलू शकत नाही. हा तिचा एकमेव दोष आहे. ती म्हणाली, "कोणी नाही हो बुवी, ते परवाचं आहे. सोयरिकीचं. ह्यांच्या पोटामुळे राहिलं."

त्यावर झुमराद-बुवींचे मूळ शब्द, जसेच्या तसे : "अगं बाई बाई! म्हणजे पोरगी दाराबाहेर पडायच्या आधीच तिच्या परतीची सोय! सोयरिकीचं नान बापाच्या खिळ्यावर? माझ्या नातवाचं घर बसायच्या आधीच उठवताय की काय तुम्ही? आणि पोटाचं कारण कोणाला सांगतेस? ह्याच पोटाने माझ्या लेकाच्या लग्नात तीन ताटं चेपली होती!" एवढे बोलून त्या चहा न घेता गेल्या. त्या घरातून चहा न घेता निघाल्या म्हणजे काय, हे साऱ्या मर्गिलानला ठाऊक आहे. संध्याकाळी निरोप आला की लग्न थांबले. दुसऱ्या दिवशी आपली नोटीस आली की, अर्जदाराने शुक्रवारी वडीलधाऱ्यांसमोर एक अख्खे नान आणि कांदा घातलेला ताटभर पुलाव खाऊन दाखवावा, अन्यथा सोयरीक मोडली असे समजण्यात येईल.

९. सदर नोटिशीबाबत अर्जदाराचे म्हणणे असे, की निकाहाच्या वेळी मुलगी पडद्याआड बसते आणि तिच्या वतीने वकील "कबूल" म्हणून येतो. शरियतीला हे चालते, आपल्याला चालते, कोणी म्हणत नाही की मुलीने स्वतः येऊन ओरडावे. मग एवढे मोठे "कबूल" जर दुसऱ्याच्या तोंडून चालत असेल, तर एक घास दुसऱ्याच्या तोंडात का चालू नये? माझा मेहुणा सोबितजान तीन माणसांचे एकटा खातो. त्यास माझा खाण्याचा वकील म्हणून मान्यता मिळावी. तो चावेल, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसेन, आणि ढेकर आम्ही दोघे देऊ. सोबितजानची तोंडी संमती घेतली आहे. तो सकाळपासून उपाशी आहे.

हे मान्य नसल्यास तांदळाच्या पिठाचे नान चालावे. रानोने एक करून पाहिले आहे. ते तुटत नाही, फुटते, पण शेवटी तोडण्याशीच मतलब ना? तेही मान्य नसल्यास समितीने एक उपसमिती नेमून तिला माझ्या घरी बसवावे, मला त्यांच्या समक्ष कांदा खिलवावा, आणि पुढील सर्व घटनांचा रीतसर पंचनामा करून पंचांच्या सह्या घ्याव्यात. नाकाला रुमाल समितीने आपले आणावेत.

१०. जाता जाता आणखी एक. कर्णेवाला दाराशी उभा असतो. आतल्यांना ताट दिसते, मला दार दिसते. पहाटेच्या पुलावानंतर कोण कोण घाईघाईने परसातल्या तुतीच्या झाडांकडे जातो, कोण पोटावर हात धरून "मला जरा काम आहे" म्हणतो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. निम्मा मोहल्ला चिडका आहे, महोदय. फरक इतकाच, की त्यांनी डॉक्टरला विचारलेले नाही. त्यात कोणाकोणाची नावे आहेत, हे समितीने मागितले तरी मी देणार नाही. त्यात आपले नाव आहे किंवा नाही, हेही मी लिहीत नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

११. इथवर काल लिहिले होते. अर्ज घडी करून ठेवला आणि स्वयंपाकघरात गेलो. मुनिसा भाताला गाजर चिरत बसली होती. मी पथ्यावर आहे म्हणून त्या पोरीनेही एवढे दिवस कांदा तोंडात घातलेला नाही. बापाकडे न बघताच म्हणाली, "अदा, तुम्ही शुक्रवारी जाऊ नका. काही खाऊ नका. तुम्हाला कण्हताना ऐकलंय मी, पुन्हा नाही ऐकायचंय." मी म्हटलं, "आणि एलमुरॉद?" म्हणाली, "आजीपुढे त्याचं काय चालणार? मोडली तर मोडली. मला काही वाटत नाही."

मग तिने ओढणीने डोळे पुसले. म्हणाली, "कांदा झोंबतोय."

महोदय, आमच्या घरात कित्येक आठवड्यांत कांदा आलेला नाही.

१२. सबब, परिच्छेद ९ मधील सर्व मागण्या मी मागे घेतो. सोबितजानला जेवायला सांगितले आहे. शुक्रवारी मी येईन आणि झुमराद-बुवींच्या समोर तो खिळ्यावरचा तुकडा खाईन. पुलावाची सक्ती करू नये, शब्द पुलावाने दिला जात नाही, नानने दिला जातो. तो तुकडा आता दगड झाला आहे, पण आमच्या घराण्याला त्याची सवय आहे. चहात भिजवणारही नाही. शेवटचा कण खाऊन रुमाल झटकून दाखवीन. त्याबदल्यात समितीच्या संडासाची किल्ली, जी पहारेकऱ्याकडे असते आणि पहारेकरी कधीच कोणाला सापडत नाही, ती सकाळपासून माझ्या खिशात असावी. एवढी एकच सवलत मागतो.

आणि आता सरकारी भाषा बाजूला ठेवून लिहितो. बुवी म्हणतात ते सगळेच खोटे आहे, असे मी नानवर हात ठेवून सांगू शकणार नाही. उंचावर ठेवायला फडताळही होते. नुकूस फार लांब आहे हो, नेमातुल्ला-अका. गाडीने जायचे तर दिवस मावळतो आणि पुन्हा उजाडतो. तिचे घर मोडावे असे कुठल्या बापाला वाटेल? पण ती अधूनमधून दारात दिसावी, एवढे वाटले तर ते जादूटोण्यात धरू नका. परत येणे वेगळे आणि माहेरी येणे वेगळे, हे बुवींना कोणीतरी समजावून सांगा. त्याही कुठल्यातरी घरातून इथे आल्या असतीलच की.

म्हणून शेवटची विनंती. सोयरिकीचा तुकडा मी खिळ्यावरून उतरवतो. खिळा मात्र भिंतीतून उपटायला सांगू नये. लग्नाच्या दिवशी मुनिसा निघताना दारात एका अख्ख्या नानचा घास घेईल, आणि उरलेले आम्ही तिथे टांगू. ती बाळंतपणाला येवो, ईदला येवो, नाहीतर नुसती मला शिव्या घालायला येवो, येईल तेव्हा तिचे नान जागच्या जागी असेल. त्याला या घरात कोणी दात लावणार नाही. मी तर मुळीच नाही. मला गहू बंद आहे.

आपला नम्र, आणि शुक्रवारपर्यंत तब्येतीने उत्तम,

युलदाशअली मिर्झाअहमद-ओघली
(सही)

मर्गिलान, गुरुवार, कापूस वेचणीचा दुसरा आठवडा.

सोबत :
१. डॉ. फेरुझा यांचा दाखला. त्यात "चिडकी" या शब्दाखाली रेघ डॉक्टरांनीच मारली आहे.
२. तांदळाच्या पिठाचे नान, एक. मागणी मागे घेतली असली तरी जोडत आहे, कागदावर वजन म्हणून चालेल.
३. सोयरिकीच्या नानचा तुकडा, एक. जोडलेला नाही. उद्या मी आणतो.